चीफ, सुपर चीफ की पुष्पक? सोलापूरच्या उन्हात कुठलं चालेल?

होटगी_रोडकर (धागाकर्ता)

जून २०२५ मध्ये गोव्याची विमानसेवा सुरू झाल्यापासून आमच्या कट्ट्यावर विमानाशिवाय दुसरा विषय नाही. परवाचा वाद अर्धवट राहिला, तो इथे मांडतोय. प्रश्न कल्पनेतला आहे, पण उत्तर आकड्यांनिशी द्या. होटगी रोडच्या धावपट्टीवरून शेपटीला चाक असलेलं एखादं जुनं, दोन माणसांचं विमान उडवायचं ठरलं, तर ॲरोन्का चीफच्या कुळातलं कुठलं घ्याल?

कूळ थोडक्यात सांगतो. अमेरिकेत ओहायोमधल्या मिडलटाउनच्या ॲरोन्का कंपनीने दुसरं महायुद्ध संपल्यावर चीफ ११एसी काढलं. वर पंख, शेजारी शेजारी दोन माणसं, पोलादी नळ्यांच्या सांगाड्यावर कापड आणि ६५ हॉर्सपॉवरचं कॉन्टिनेन्टल इंजिन. मग ८५ हॉर्सपॉवरचं ११बीसी आलं, त्यानंतर त्याच इंजिनाचं ११सीसी, म्हणजे सुपर चीफ. पुढे हाच आराखडा धरून बंगळुरूच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टने पुष्पक बनवलं. २८ सप्टेंबर १९५८ ला ते पहिल्यांदा उडालं. इंजिन ९० हॉर्सपॉवरचं. सुमारे दीडशे बनली आणि देशभरच्या फ्लाइंग क्लबांत गेली.

माझं मत पुष्पकच, आणि त्याचं कारण देशप्रेम नाही, ऊन आहे. आपली धावपट्टी समुद्रसपाटीपासून साधारण दीड हजार फुटांवर. मे महिन्यात दुपारी ४२ अंश असताना हवा इतकी विरळ होते की विमानाला आपण पाच हजार फुटांवर उभं असल्यासारखं वाटतं. त्या हवेत ६५ चं इंजिन ५४ च्या आसपास देणार, ८५ चं ७१ आणि ९० चं ७५. आता दोन माणसं बसवा, टाकी भरा आणि सांगा.

स्प्रूसप्रेमी

साफ असहमत. चीफ चांगलं होतं ते ११एसी होतं तेव्हा. हलकं, साधं, विजेची भानगड नाही, इंधनाची मुख्य टाकी पुढे डॅशबोर्डच्या मागे आणि पेट्रोल उतारानेच खाली येतं, पंप नको. पुढे इंजिन मोठं झालं आणि वजनही. ११एसीचं कमाल वजन १२५० पौंड, सुपर चीफचं आणि पुष्पकचं १३५०. शंभर पौंड फुकट येत नाहीत, ते जमिनीवरून उचलावे लागतात.

आणि हे नुसतं माझ्या आवडीचं नाही. अमेरिकेत २००४ च्या स्पोर्ट पायलट नियमात १३२० पौंडांची मर्यादा आली. ११एसी त्यात बसलं, सुपर चीफ बाहेर राहिलं. त्यामुळे ज्या ६५ हॉर्सपॉवरच्या विमानांना लोक मरतुकडी म्हणायचे त्यांना पुन्हा गिऱ्हाईक मिळालं.

होटगी_रोडकर (धागाकर्ता)

अमेरिकेतल्या नियमात काय बसतं याचा सोलापूरच्या हवेशी संबंध काय? वजनाचं म्हणता, तर भागाकार करा की. किलोत सांगतो. ११एसीमध्ये एका हॉर्सपॉवरला ८.७ किलो ओढायचे, सुपर चीफमध्ये ७.२, पुष्पकमध्ये ६.८. शंभर पौंड वाढले, पण ते ओढणारे पंचवीस घोडेही वाढले.

मालक_सोलापूरकर

काय की ओ, मे महिन्यात दुपारी दोनला सोलापुरात कुत्रंबी सावलीतून हलंना आणि तुम्ही विमान काढायलाव. 😀 सकाळी सहाला उडवा की.

स्प्रूसप्रेमी

मालकांनी माझं काम केलं. जगात कुठेही असली विमानं पहाटे आणि संध्याकाळी उडतात. सकाळी सहाला २७ अंश धरा. मग तुमचे पाच हजार फूट सव्वातीन हजारांवर येतात आणि ६५ चं इंजिन ५८ च्या आसपास देतं. शिवाय आपली धावपट्टी जेट-एटीआरसारख्या मोठ्या प्रवासी विमानांसाठी बांधलेली. चीफला तिचा चौथा हिस्साही लागायचा नाही. घोडे मोजायचे असतील तर शेतातल्या पट्टीवरून मोजा.

जुना_कॅडेट

तुम्ही सगळे कागदावर बोलताय. मी तरुणपणी पुष्पकवर शिकलोय, म्हणून चार शब्द.

आधी एक गोष्ट. "आराखडा धरून बनवलं" एवढ्यावर सोडू नका. त्या काळात हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये विमानांच्या डिझाइनची धुरा डॉ. विष्णू माधव घाटगे यांच्याकडे होती. गडहिंग्लज तालुक्यातल्या हसूरचा माणूस, जर्मनीत गॉटिंगेनला वायुगतिकीतल्या प्रांटलच्या हाताखाली शिकलेला. १९५१ मध्ये उडालेलं एचटी-२ हे शिकाऊ विमान त्यांचंच. पुष्पकमधूनच पुढे २२५ हॉर्सपॉवरचं कृषक निघालं, ते सैन्याच्या एअर ओपीत, म्हणजे तोफखान्यासाठी हवेतून टेहळणी करणाऱ्या तुकड्यांत, जुन्या ऑस्टर विमानांच्या जागी आलं. पुष्पकसाठी पीई-९०एच नावाचं देशी इंजिनही करून पाहिलं होतं. नुसती नक्कल मारणारे लोक असले उद्योग करत नाहीत.

आता मुद्दा. एवढं कौतुक करूनही मी नवशिक्याला पुष्पक देणार नाही, चीफही देणार नाही. मी चॅम्प देईन, ७एसी. चॅम्प आणि चीफ एकाच वेळी, एकाच कारखान्यात तयार झाली, कितीतरी सुटे भाग दोघांचे सारखेच. फरक बसण्याचा. चॅम्पमध्ये एकामागे एक, चीफमध्ये शेजारी शेजारी. शेजारी बसलं की विद्यार्थी मधल्या रेषेच्या डावीकडे असतो. तो काउलिंगचा, म्हणजे नाकावरच्या इंजिनाच्या झाकणाचा, मध्य धावपट्टीच्या टोकाशी जुळवतो आणि त्याला वाटतं आपण सरळ आहोत. प्रत्यक्षात नाक डावीकडे गेलेलं असतं. पुढे चाक असलेल्या विमानात हे खपून जातं. शेपटीला चाक असलं की वजनाचा मध्य मुख्य चाकांच्या मागे असतो, वाकडं टेकलं की मागचा भाग पुढे यायला बघतो, आणि पायांनी लगेच आवरलं नाही तर विमान गरकन फिरतं. ग्राउंड लूप. पंखाचं टोक जमिनीला घासतं आणि मग महिनाभर कापड लावत बसा.

रेल्वेलाइन्स

काका, नमस्कार. पण चॅम्प या वादात नव्हतंच, तुम्ही मागच्या दाराने आत आणलंत. आणि मागे बसलेल्या इन्स्ट्रक्टरला विद्यार्थ्याचे हात दिसतात का? पाय दिसतात का? फक्त मान दिसते. शेजारी बसून शिकवलं की थ्रॉटलवरचा (इंजिनाची ताकद कमी-जास्त करायच्या दांड्यावरचा) हात थरथरतोय हेही कळतं. शिवाय कानाशी ओरडावं लागत नाही.

जुना_कॅडेट

हात दिसून काय करायचंय? विमान सरळ जातंय की नाही ते पाठीला कळतं. आणि ओरडायचं म्हणाल तर आमचे इन्स्ट्रक्टर शेजारी बसूनही ओरडायचेच.

विकली किती गेली तेही बघा. ७एसी सात हजारांच्या वर बनली, चीफ त्याच्या आसपासही गेलं नाही.

रेल्वेलाइन्स

खपावर जायचं तर मग सगळ्यांनी पायपर कबच घ्यायचं. असो. मी सुपर चीफच्या बाजूने बोलायला आलोय, कारण ते बिचारं कुणीच घेईना.

पुष्पकवाल्यांचं सगळं पाच घोड्यांवर चाललंय. ८५ आणि ९० मध्ये फरक किती? दोन माणसांच्या जेवणाचा डबा कमी केला की भरून निघतो. ११एसीचं खरं दुखणं इंजिन नव्हतं, शेपूट होतं. ११बीसीला पाठीवर फिन, म्हणजे शेपटीपुढचा उभा पट्टा, वाढवलं, ११सीसीला एलिव्हेटर, म्हणजे नाक वर-खाली करणारा शेपटीचा आडवा भाग, बॅलन्स केलं. म्हणजे कंपनीने लोकांच्या तक्रारी ऐकून दोनदा सुधारणा केली, आणि त्या शेवटच्या, पिकलेल्या रूपाचं नाव सुपर चीफ. १९५१ मध्ये ॲरोन्काने छोटी विमानं बनवणंच सोडलं, नाहीतर पुढेही काही झालं असतं. कुळातलं उत्तम विमान कुठलं, असा प्रश्न असेल तर उत्तर मूळ घराण्यातच आहे.

होटगी_रोडकर (धागाकर्ता)

पाच घोडे नाहीत ओ. इंजिन नीट बघा. ६५ आणि ८५ या दोघांचा स्ट्रोक (पिस्टनची धाव) एकच, ८५ मध्ये फक्त बोअर (सिलिंडरचा व्यास) वाढवून आकार २.८ लिटरवरून ३.१ वर नेला, आणि ताकद मिळवायला फेरे वाढवले. ८५ घोडे मिळतात ते मिनिटाला २५७५ फेऱ्यांवर. ९० च्या इंजिनाचा स्ट्रोकच लांब, आकार ३.३ लिटर, आणि ९० घोडे २४७५ फेऱ्यांवर. म्हणजे शंभर फेरे कमी आणि ताकद जास्त. नाकावरचा पंखा (प्रोपेलर) हळू फिरला की मोठा, लांब पंखा लावता येतो, आणि टेक-ऑफला ओढ त्यानेच मिळते. म्हणूनच पुढच्या १०० हॉर्सपॉवरच्या ओ-२०० पेक्षा, जे २७५० फेऱ्यांवर ताकद देतं, छोट्या पट्टीवरचे कितीतरी लोक आजही हे ९० चंच पसंत करतात.

सुट्या भागांचंही बघा. ओ-२०० म्हणजे सेस्ना १५० चं इंजिन, ते याच ९० च्या घराण्यातलं. ६५ च्या इंजिनाला आज इथे कोण भाग देणार?

स्प्रूसप्रेमी

इंजिनाचं शंभर टक्के मान्य. पण तुम्ही विमान निवडताय की इंजिन? ९० चं तेच इंजिन ११एसीच्या हलक्या सांगाड्यावर कल्पून बघा, आणि मग पुष्पक का घ्यायचं ते सांगा. पुष्पकचं रिकामं वजन ३९५ किलोच्या आसपास, कमाल ६१३. उरले २१८. सोलापूरची दोन खाती-पिती माणसं बसवली की १६०-१७० गेले. पेट्रोलला उरले पन्नास किलो. एवढे घोडे बांधून दीड खुर्चीचं विमान मिळवलंत.

मालक_सोलापूरकर

माझ्यासारखं एक बसलं तर पेट्रोल खांद्यावर घेऊन चालायचं काय?

होटगी_रोडकर (धागाकर्ता)

पन्नास किलो म्हणजे जवळजवळ सत्तर लिटर. हे इंजिन तासाला वीस-बावीस लिटरच्या आसपास पितं. तीन तास हवेत राहायला पुरेसं. तुम्हाला कुठे हैदराबाद गाठून परत यायचंय?

जुना_कॅडेट

वजनाचं गणित चालू द्या, पण वाऱ्याबद्दल कुणीच बोललं नाही. आपली धावपट्टी आग्नेय-वायव्य आहे आणि पावसाळ्यातला वारा पश्चिमेकडून, नैऋत्येकडून. म्हणजे जून ते सप्टेंबर जवळपास आडवाच. कापडी, हलकं, वर पंख असलेलं, शेपटीला चाक असलेलं विमान आडव्या वाऱ्यात उतरवायचं म्हणजे वाऱ्याकडचा पंख खाली दाबून एका चाकावर टेकायचं आणि मग पायांनी नाचत थांबायचं. तिथे ११एसीचा हलकेपणा उपयोगी नाही, उलट नडतो. चीफला फ्लॅपही (उतरताना वेग कमी करायला पंखातून खाली येणाऱ्या पट्ट्या) नाहीत. उंची जास्त राहिली तर रडर (शेपटीचं उभं सुकाणू) एका बाजूला आणि पंख दुसऱ्या बाजूला देऊन तिरकं घसरत उतरायचं. ते जमतं, पण शिकावं लागतं.

याच ऋतूत कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरतो. २०-२५ अंशाला दमट हवेत, हो, सोलापुरातही. कार्ब हीटचा, म्हणजे तिथे गरम हवा सोडायचा, दांडा ओढायला विसरणारे पायलट मी पाहिलेत.

रेल्वेलाइन्स

बघा, काकांनी सुपर चीफचीच बाजू घेतली, फक्त नाव घेतलं नाही. आडव्या वाऱ्यात थोडं वजन हवं, शेपटीवर ताबा हवा. फिन आणि बॅलन्स केलेलं एलिव्हेटर कशासाठी होतं मग?

जुना_कॅडेट

मी सुपर चीफ म्हटलेलं नाही. माझ्या तोंडी घालू नका. चॅम्पच म्हणतोय.

होटगी_रोडकर (धागाकर्ता)

थोडं वजन हवं तर पुष्पकचं वजन सुपर चीफइतकंच आहे, आणि वर ९० चं इंजिन. आडव्या वाऱ्यात लँडिंग बिघडलं की पुन्हा वर जायला थ्रॉटल पूर्ण पुढे ढकलावं लागतं. त्या क्षणी ६५ असलेला माणूस काय करणार, स्प्रूसप्रेमींनी सांगावं.

स्प्रूसप्रेमी

६५ असलेला माणूस असल्या वाऱ्यात हँगरमध्ये चहा पीत बसलेला असतो. म्हणूनच ती विमानं अजून शाबूत आहेत.

मालक_सोलापूरकर

मला एकच सांगा. ९० चं हे इंजिन ८एफ म्हणजे त्याला स्टार्टर नाही म्हणतात. म्हणजे चाकांना ठोकळे लावून पुढे उभं राहून हाताने पंखा मारायचा. "स्विच ऑफ, सक्शन, कॉन्टॅक्ट" हे सगळं ओरडायचं. ४२ अंशात, गरम इंजिनाला. कोण मारणार?

होटगी_रोडकर (धागाकर्ता)

सुपर चीफचं ८५ पण ८एफच आहे, त्यालाही स्टार्टर नाही. ६५ ला तर नाहीच. तेव्हा तिथे सगळे सारखे.

जुना_कॅडेट

पंखा मी मारायचो. फक्त आत बसणाऱ्याने स्विचला हात लावायचा नाही, ही अट.

रेल्वेलाइन्स

ठरलं तर, पंखा काका मारणार. आता होटगी_रोडकर, तो लांब पंखा किती इंचांचा, किती पिचचा (पात्याच्या तिरकेपणाचा), तेवढं टाका. नुसतं "ओढ मिळते" म्हणून मी सुपर चीफ सोडणार नाही.