गावच्या अभ्यासिकेतला गिट मिरर: तासाला ताजा करायचा की जपून?

अभ्यासिकावाले, दारव्हा तालुका

यवतमाळ जिल्ह्यात दारव्ह्याजवळच्या एका गावात आम्ही अभ्यासिका चालवतो. खालच्या हॉलमध्ये तलाठी-पोलीस भरतीची पोरं बसतात. वरच्या खोलीत सहा जुने संगणक आहेत, तिथे दहा-बारा मुलंमुली प्रोग्रामिंग शिकतात. त्यातल्या एका संगणकावर मी गिटच्या (कोडमधला प्रत्येक बदल नोंदून ठेवणारा प्रोग्राम) तीन रेपोंचा, म्हणजे इतिहासासकट ठेवलेल्या कोडच्या साठ्यांचा, मिरर (हुबेहूब प्रत) ठेवला आहे: वेबसाइट बनवायचा जँगो, नकाशांचा क्यूजीआयएस आणि मुलांनीच लिहिलेला कापसाच्या जिनिंगच्या काटापट्टीचा (वजनाच्या पावतीचा) प्रोग्राम. दर तासाला क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम, चालतो. मूळ रेपोत जे नवं आलं ते उतरवतो, आणि तिथून जी शाखा (कामाची वेगळी वाट) काढून टाकली ती आमच्याकडूनही काढतो.

माझं म्हणणं सरळ आहे. मिरर ठेवायचा तर तो तासाला ताजा व्हावा आणि मूळ रेपोशी तंतोतंत जुळावा. नाही जुळला तर मुलं कशावर काम करताहेत हे मला तरी कसं कळणार? दोन माजी विद्यार्थ्यांनी याला कडाडून विरोध केला, म्हणून सगळ्यांसमोर मांडतो.

मिररची गरज का पडली तेही सांगतो. क्यूजीआयएसचा रेपो मोठा, आणि गिटचा क्लोन, म्हणजे पूर्ण रेपो उतरवणं, मध्येच तुटला तर राहिलेला भाग पुढे उतरवता येत नाही, पुन्हा पहिल्यापासून. पहिल्या रात्री एकसष्ट टक्क्यांवर तुटला. दुसऱ्या रात्री पाऊस लागला आणि मोबाइलची रेंजच गेली. तिसऱ्या रात्री लाइन (वीज) गेली. शेवटी नागपूरच्या वसतिगृहात राहणाऱ्या एका मुलाने पेनड्राइव्हवर आणून दिला. एकदा सगळा इतिहास घरात आला की गिट फक्त फरक मागतो, काही केबी, फार तर काही एमबी. खोलीतल्या खोलीत केबलवरून क्लोन करायला मुलांना नेट लागत नाही. घ्यायचा पत्ता मिररचा आणि पाठवायचा पत्ता मूळ रेपोचा, अशा दोन नोंदी प्रत्येकाच्या सेटिंगमध्ये करून दिल्या आहेत.

पुण्यातला दिग्रसकर

सर, तुमच्या कष्टांबद्दल आदर आहे, पण मला हा सगळा खटाटोपच नको वाटतो. डेप्थ (इतिहास किती मागेपर्यंत हवा) एक देऊन क्लोन केला तर फक्त शेवटची अवस्था उतरते. इतिहास हवा असेल तर नंतर थोडा थोडा खोल ओढता येतो, म्हणजे तुटलं तरी थोडंच तुटतं. नाहीतर ब्लॉब वगळून क्लोन करा: कमिट (बदलांच्या नोंदी) सगळे येतात, फाइलींचा मजकूर लागेल तेव्हा येतो. तुमचा मिरर मात्र नुसत्या शाखा आणत नाही. गिटहब या रेपो ठेवायच्या संकेतस्थळावर आलेल्या सगळ्या पुल रिक्वेस्टचे (आमचा बदल घ्या अशा विनंत्यांचे) संदर्भही ओढतो, नाकारलेल्यांचेसुद्धा. ते अभ्यासिकेत कोण उघडणार आहे? आणि मुलांना खरं शिकायचं असतं ते इश्यूंवरच्या (चुका-सूचनांच्या नोंदींवरच्या) चर्चांमधून. त्या गिटमध्ये नसतातच, म्हणून मिररमध्येही येत नाहीत.

माझी खरी भीती दुसरी आहे. मिरर बंद पडला तर तो कुणाला सांगत नाही. माझ्या पहिल्या नोकरीत आतल्या मिररच्या टोकनची (प्रवेशाच्या किल्लीची) मुदत संपली. क्रॉन रोज चालत होता, रोज अपयशी होत होता, आणि आम्ही अडीच महिने जुन्या कोडवर काम करत होतो. त्यात एका लायब्ररीची सुरक्षेची दुरुस्ती येऊन गेलेली, आमच्यापर्यंत पोहोचलीच नव्हती. क्लोन व्यवस्थित होतो, चाचण्या पास होतात, शंका यायला जागाच नसते. मिरर नसता तर नेट नाही हे निदान लगेच दिसलं असतं.

अचलपूरकडचा

भाऊ, पुन्यातलं नेट अन् आमच्या इकडलं नेट एका तराजूत काऊन तोलता? माह्या घरी फायबरचा डबा भिताडाले लागून दोन वर्सं झाले, पन लाइन गेली का तोही गेला. ब्लॉब वगळलेला क्लोन मी वापरून पायला. जुनी ओळ कोनं लिहिली हे पाहाले गेलं का तो लगेच नेट मांगते. नेट नसलं का तिथंच अडते. मंग तो आपल्या काय कामाचा?

अन् नेट असूनही रेपो भेटत नाही अशी येळ येऊन गेली हाये. डिसेंबर 2014 मंधी सरकारी आदेशानं 32 संकेतस्थळं अडवली होती, त्यात गिटहब अन् सोर्सफोर्जचे पत्तेही होते. मार्च 2024 मंधी एक्सझेड नावाच्या फाइली दाबनाऱ्या प्रोग्राममंधी चोरदरवाजा सापडला तवा गिटहबनं तो रेपोच काही दिवस बंद ठेवला. तो चोरदरवाजा चालू करनारी फाइल गिटमंधी नव्हती, रिलीजच्या गठ्ठ्यात घुसवली होती. मंजे गठ्ठा अन् रेपो शेजारी ठेवून पाहनं हाच तपास, अन् नेमका त्याच येळी रेपोले कुलूप. ज्याच्यापाशी घरचा मिरर होता त्याले कोनाच्या तोंडाकडं पाहा नाही लागलं.

मिरर पायजेच. तासाले का दिवसाले, हे मंगचं.

काटापट्टीवाली

सर, तुमचा ज्या दोघांशी वाद झाला त्यातली मी एक. मिरर नको असं मी कधीच म्हटलं नाही. तो डोळे मिटून ताजा करू नका, एवढंच म्हणते. काय झालं होतं ते इथे पूर्ण सांगते, म्हणजे लोकांना कळेल.

कापसाचा सीझन भरात होता. जिनिंगवर गाड्यांची रांग, आणि ओलाव्याची कपात चुकतेय म्हणून काट्यावर रोज भांडणं. सीसीआयचं (कापूस महामंडळाचं) धोरण म्हणजे 8 टक्क्यांच्या वर ओलावा गेला की कपात, 12 च्या वर खरेदी नाही. ते गणित नीट बसवायला मला अकरा दिवस लागले. अकराव्या रात्री आमच्यातल्या एकाने जुन्या प्रतीवरून फोर्स पुश केला, म्हणजे मूळ रेपोवर जबरदस्तीने ती प्रत चढवली, त्याच्या लक्षातही आलं नाही. पावणेअकराला. अकराला क्रॉन चालला आणि मिररने ते इमानेइतबारे उतरवून घेतलं. मिररच्या सेटिंगमध्ये संदर्भांच्या ओळीला पुढे अधिकचं चिन्ह असतं, म्हणजे मूळचा इतिहास बदलला तरी विचारू नकोस, घे. माझी स्वतःची प्रत ज्या संगणकावर होती त्याची हार्डडिस्क त्याच आठवड्यात गेलेली.

साध्या रेपोत रिफलॉग असतो, मागच्या जागा त्यात सापडतात. मिरर हा बेअर रेपो (कामाच्या फाइली नसलेला, नुसता इतिहास), त्यात रिफलॉग आपोआप ठेवला जात नाही. मी पहाटे साडेतीनला त्या संगणकासमोर बसून एफएससीके (गिटची तपासणी) चालवलं. लटकलेल्या (कुठल्याच शाखेत नसलेल्या) कमिटांची यादी आली, नुसते चाळीस-चाळीस अक्षरांचे हॅश (ओळखखुणा). एकेक उघडून बघत होते. चौथ्यात माझाच संदेश दिसला, "ओलावा कपात दुरुस्त, दोन दशांश". त्याला शाखेचं नाव दिलं तेव्हा कुठे हात थरथरायचे थांबले. गिट असे सुटलेले कमिट साधारण दोन आठवडे ठेवतो, मग सफाईत टाकून देतो. आम्ही पंधरवडाभर दिवाळीच्या सुट्टीवर असतो तर?

सर, "आरसा म्हणजे आरसा" असं तुम्ही वर्गात म्हणता. मूळ रेपोवर घाव बसला की आरशातही तो दिसणारच. मग अडचणीच्या वेळी तुमच्याकडे आहे काय?

कुरखेड्याची प्राध्यापिका

या ताईंच्या बाजूने एक मोठा दाखला. केडीई हा लिनक्सवरचा प्रसिद्ध प्रकल्प. मार्च 2013 मध्ये त्यांच्या मुख्य गिट सर्व्हरचं मशीन बंद-चालू केल्यावर फाइल सिस्टिम बिघडलेली निघाली. तिथे सुमारे 1500 रेपो होते. जगभर त्याच्या प्रती ठेवणारे सर्व्हर होते, सगळे वेळच्या वेळी ताजे होणारे. त्यांनी बिघाडही वेळच्या वेळी उतरवून घेतला, आणि रेपोंची यादीच खराब आल्याने धडाधड रेपो पुसून टाकले. एका सर्व्हरने तेवढ्यात सिंक केलं नव्हतं, म्हणून सगळं वाचलं. मिरर होते म्हणून वेगळा बॅकअप लागत नाही असं त्यांनी धरून चाललं होतं. ही मंडळी आपल्यापेक्षा जाणती होती, तरी हे झालं.

माझ्या कॉलेजात मी तासाला काहीच करत नाही. आमच्याकडे पावसाळ्यात नाल्याला पूर आला की दोन-दोन दिवस संपर्क तुटतो, तासाचा हिशोब कुणाकडे आहे? मी वडशाला किंवा नागपूरला जाते तेव्हा तिथे गिट बंडल बनवते. अख्खा रेपो एका फाइलीत येतो. पुढच्या वेळी फक्त मधल्या काळातल्या कमिटांचं छोटं बंडल. आल्यावर आधी बंडल तपासायचं, मग त्यातून फेच करायचं, म्हणजे नवं तेवढं ओढून घ्यायचं. कर्नल डॉट ऑर्गवर लिनक्सचं तयार बंडलच ठेवलेलं असतं. ती साधी फाइल असल्याने डाउनलोड तुटलं तर तिथूनच पुढे सुरू होतं. अभ्यासिकावाले सरांच्या त्या तीन रात्री अशा वाचल्या असत्या. प्रत्येक बंडलवर तारीख टाकून कपाटात ठेवते. जुनं बंडल मूळ रेपोत काय झालं त्याने बदलत नाही.

अभ्यासिकावाले, दारव्हा तालुका

बेटा, त्या रात्रीचं मला दुसऱ्या दिवशी दुपारी कळलं, आणि त्याची खंत अजून आहे. तुझं बरोबर आहे. केडीईचं मला ठाऊक नव्हतं.

पण मूळ रेपोतून काढलेल्या शाखा मिररमधून पुसू नका, हा तुझा तेव्हाचा हट्ट मला पटत नाही, आणि त्याला कारण आहे. मागे मी महिनाभर प्रून, म्हणजे हे पुसणं, बंद ठेवून पाहिलं. एका मुलाची "काटा" नावाची शाखा होती, ती त्याने काढली आणि "काटा/पावती" नावाची नवी केली. गिटला एकाच नावाची शाखाही आणि तिच्या पोटात दुसरी शाखाही ठेवता येत नाही. मिररमध्ये जुनी "काटा" तशीच पडलेली, त्यामुळे ती नवी शाखा दर वेळी नाकारली जायची. तो मुलगा आठ दिवस विचारत राहिला की माझं काम मिररवर का दिसत नाही. पुसणं बंद केलं की हा कचरा साचतोच.

काटापट्टीवाली

तेही खरं, सर. मग रेपोगणिक वेगळं ठेवा ना. जँगो आणि क्यूजीआयएसचे मालक आपण नाही. त्यांच्या प्रती जगभर आहेत, तिथे काहीही झालं तरी दुसरीकडून मिळेल. ते तंतोतंत जुळवा, पुसा, काहीही करा. काटापट्टीच्या प्रती दोनच, मूळ आणि आपली. तिथलं अधिकचं चिन्ह काढा, म्हणजे इतिहास मोडणारा बदल नाकारला जाईल आणि आपल्याला कळेल. रिफलॉगही चालू करा. पण त्यावर विसंबू नका, कारण शाखाच पुसली की तिचा रिफलॉगही जातो. म्हणून मॅडम म्हणतात तसं दर रविवारी तारखेचं बंडल, आणि ते त्याच संगणकावर नाही, तुमच्या घरी.

पुण्यातला दिग्रसकर

बंडलची कल्पना मला आवडली. काटापट्टीसाठी ताईंचं म्हणणं मान्य. पण जँगोचा मिरर कशाला, हा माझा प्रश्न तसाच आहे. सहा संगणकांसाठी एकदा क्लोन करून केबलने वाटला तरी पुरतं. ठेवायचाच असेल तर फेच यशस्वी झाल्यावरच वेळेची नोंद करा, आणि ती नोंद मुलांना दिसू द्या. क्रॉन चालला एवढ्यावर समाधान मानू नका.

अचलपूरकडचा

हे नोंदीचं बेस बोलले. अजून एक ध्यानात ठेवा. फेच चालू असतानी लाइन गेली तर कधीकधी लॉक फाइल (काम चालू हाये असं सांगनारी) मागं राहते. मंग लाइन आली तरी दर खेपेले फेच "फाइल आधीच हाये" म्हनून नाही म्हनते, अन् कोनालेच पत्ता नसते. माह्याकडं नऊ दिवस असं चाललं होतं. आधी पाहा का कोनतं गिट चालू तर नाही, मंगच लॉक काढा. अन् लाइन गेल्यावर एकदा एफएससीके चालवा, कधी शून्य बाइटाची फाइलही राहून जाते.

अभ्यासिकावाले, दारव्हा तालुका

काल दुपारी बसून काटापट्टीचं अधिकचं चिन्ह काढलं, प्रून बंद केलं, रिफलॉग चालू केला. जँगो आणि क्यूजीआयएस प्रूनसकट तसेच, पण तासाऐवजी पहाटे पाचला एकदा. तेव्हा लाइन टिकते. पुण्याच्या भाऊंना एवढंच सांगेन की केबलने वाटलेली प्रत महिन्यात शिळी होते, आणि ती ताजी करायला मला पुन्हा नेटसमोरच बसावं लागतं. मिरर मी काढणार नाही.

दाराजवळच्या फळ्यावर तिन्ही रेपोंची नावं लिहिली आणि पुढे शेवटच्या यशस्वी फेचची वेळ. ती वेळ पहिल्यांदाच नीट पाहिली. काटापट्टी आज सकाळी सात. जँगो आज पहाटे पाच. क्यूजीआयएस गेल्या शनिवारी संध्याकाळी सव्वासहा, म्हणजे वादळ आलं त्या वेळचं. पॅक्ड-रेफ्सची (शाखांच्या नावांच्या यादीची) लॉक फाइल तिथेच पडली होती. पाच दिवस.