ओहायो स्टेटचं विजेतेपद हक्काचंच

मिशिगनकडून घरच्या मैदानावर १३-१० असं हरलेल्या ओहायो स्टेटला अमेरिकन कॉलेज फुटबॉलच्या २०२४ च्या मोसमाचं विजेतेपद शोभत नाही, असं म्हणणाऱ्यांचं मत मला अजिबात पटत नाही. प्लेऑफ, म्हणजे विजेता ठरवणारी बाद फेरी, १२ संघांची झाली म्हणून त्यांना संधी मिळाली, हे कबूल. पण पुढे टेनेसी, ओरेगॉन, टेक्सस, नोत्र दाम अशा चौघांना ओळीने हरवलं ना! टेक्ससविरुद्धचा तो क्षण आठवा. ओहायो स्टेट २१-१४ ने पुढे, शेवटची काही मिनिटं, चौथा डाऊन म्हणजे टेक्ससचा चारपैकी शेवटचा प्रयत्न, आणि टेक्सस गोलरेषेपासून आठ यार्डांवर. ओहायो स्टेटचा बचावपटू जॅक सॉयरने टेक्ससचा क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू) क्विन युअर्सच्या हातातला चेंडू उडवला, उचलला आणि ८३ यार्ड धावत सुटला. युअर्स त्याचा ओहायो स्टेटमधलाच जुना रूममेट! असा संघ नशिबाने जिंकला म्हणणं अन्यायाचं आहे.