गाण्याच्या बाईंना ‘तू’ म्हणणारी आणि पियानोच्या तासाला गप्प बसणारी मुलगी एकच आहे, काय करावे?

नेकरकाठचा:

नमस्कार मंडळी. आम्ही सहा वर्षांपासून जर्मनीत श्टुटगार्टला राहतो. मुलगी नऊ वर्षांची आहे. मंगळवारी दुपारी ती इथल्या संगीतशाळेत पियानो शिकते आणि रविवारी सकाळी साडेनऊला, म्हणजे उन्हाळ्यात भारतातल्या दुपारी एक वाजता, संगणकावरून पुण्याच्या बाईंकडे गाणे शिकते. गेल्या महिन्यात दोन्हीकडून तक्रार आली आणि दोन्ही तक्रारी एकमेकींच्या नेमक्या उलट निघाल्या.

पियानोच्या शिक्षिकेने मला तास संपल्यावर दारातच थांबवले आणि कोणतीही प्रस्तावना न करता सांगितले की तुमची मुलगी समजले नसले तरी ‘हो’ म्हणते, चुकीची पट्टी दाबली गेली की हात मांडीवर घेऊन खाली बघत बसते आणि काय अडले ते तिने सांगितलेच नाही तर मी तिला शिकवायचे कसे. दीड मिनिटात संभाषण आटोपले. पुण्याच्या बाईंनी मात्र माझ्या सासूबाईंना फोन केला, इकडच्या थंडीची, पाण्याची, सर्वांच्या तब्येतीची चौकशी केली, मुलीचा गळा किती गोड आहे ते सांगितले आणि फोन ठेवता ठेवता म्हणाल्या, “फक्त जरा बोलण्याचं बघा हं.” बोलण्याचे म्हणजे काय, ते मी पुढच्या रविवारी शेजारच्या खोलीतून ऐकले. “तू परत म्हण ना, मला ऐकूच आलं नाही,” असे ती बाईंना म्हणत होती आणि प्रत्येक दुरुस्तीनंतर “थँक यू” म्हणत होती.

गंमत अशी की जर्मन बोलताना हीच मुलगी ‘दू’ (तू) आणि ‘झी’ (तुम्ही) यांत कधी चुकत नाही, वर्गमैत्रिणीला ‘दू’ आणि शिक्षिकेला ‘झी’ असा भेद ती अचूक पाळते. मराठीत मात्र तिच्या कानावर दिवसभर फक्त ‘तू’ पडते, कारण घरात आम्ही तिघेच आणि तिघेही एकमेकांना अरे-तुरे करणारे. दुसरीकडे, मोठ्यांपुढे उलट बोलू नये, हे आम्हीच तिला शिकवले आणि ते तिने पियानोच्या तासाला इमानेइतबारे लावून धरले.

माझे सासरे म्हणतात की घाई करू नका, गाणे अंगात मुरले की विनय आपोआप येतो, शिवाय गणित सुधारते आणि बुद्धीही तल्लख होते. मला विचारायचे आहे ते असे: यातले खरे किती, आणि तोवर मी या मुलीला नेमके कोणते वळण लावावे?

षड्जपंचम:

मी बावीस वर्षे गाणे शिकवते आणि त्यातली गेली काही वर्षे संगणकावरूनही शिकवते, त्यामुळे पुण्याच्या बाईंची अडचण मला समजते, पण ती केवळ मानापमानाची आहे असे मला वाटत नाही. आपल्याकडे गाणे शिकवण्याची पद्धतच अशी आहे की शिष्याने ऐकायचे आणि लगेच तसेच म्हणायचे. भूप आणि देशकार या दोन रागांचे उदाहरण घ्या. दोन्हींत सा, रे, ग, प, ध हेच पाच स्वर आहेत. पण भूप गंधारावर विसावतो आणि देशकाराचा जीव धैवतात असतो. “बाई, मग फरक काय?” असे मुलाने पहिल्या महिन्यात विचारले तर मी वादी-संवादी, म्हणजे रागातला सर्वांत महत्त्वाचा स्वर आणि त्याच्या खालोखालचा स्वर, सांगू शकते, ते वहीत लिहूनही देता येते, पण त्याने भूप येत नाही. भूप येतो तो शंभर वेळा ‘ग’वर थांबून. म्हणून मी मुलांना सांगते की प्रश्न जरूर विचारा, पण गाऊन विचारा. अडलेली जागा चुकीची म्हणून दाखवली की मला त्यातच तुमचा प्रश्न ऐकू येतो.

याउलट पियानोच्या शिक्षिकेसमोर कागदावर छापलेले स्वरलेखन असते. मुलीने कोणती खूण वाचली, कोणती राहून गेली, कोणते बोट कुठे ठेवावे हे तिला कळले की नाही, हे ती बोलल्याशिवाय बाहेरून दिसत नाही. तिथले बोलणे हा आगाऊपणा नाही, आणि इथले गप्प राहणे म्हणजे लाचारी नव्हे. शिकवण्याची रीत बदलली की तासातली रीतभातही बदलते, एवढेच आहे.

‘थँक यू’बद्दल एक निरीक्षण सांगते. समोरासमोर शिकवताना मी विद्यार्थ्याबरोबर गाते, त्याचा आवाज माझ्या आवाजाच्या आडोशाने पुढे सरकतो आणि मध्ये रिकामी जागा उरतच नाही. संगणकावर आवाज क्षणभर उशिरा पोहोचतो, त्यामुळे बरोबर गाता येत नाही, आणि माझे म्हणून झाले की एक विचित्र शांतता पसरते. परदेशी वाढणारी मुले त्या पोकळीत ‘थँक यू’ भरतात. त्यांच्या दृष्टीने ते सौजन्य आहे. माझ्या कानाला मात्र ते तास संपल्यासारखे लागते, कारण मराठीत आभार मानणे म्हणजे जवळजवळ हिशेब चुकता करणे. घरच्या माणसाने आभार मानले तर “असं परक्यासारखं काय बोलतेस?” असे आपण म्हणतोच की.

‘तू’चे काम त्याहून सोपे आहे. तिला जर्मनमध्ये भेद कळतो, म्हणजे समज आहे, फक्त मराठीतला सराव नाही.

शंकासूर:

सासरेबुवांच्या म्हणण्याबद्दल थोडे लिहितो, कारण माझा अभ्यासविषय मानसशास्त्राच्या जवळचा आहे. संगीताने बुद्धी वाढते ही समजूत ज्या ‘मोझार्ट परिणामा’वरून पसरली, तो 1993 सालचा प्रयोग संगीत शिकण्यावर नव्हताच. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी मोझार्टची एक रचना 10 मिनिटे ऐकली, त्यानंतर आकृत्यांच्या एका प्रकारच्या कोड्यांत त्यांना थोडे अधिक गुण मिळाले आणि तो फरक 10-15 मिनिटांत विरून गेला. त्यावर आख्खा बाजार उभा राहिला, हा भाग वेगळा.

प्रत्यक्ष शिकण्यावरचा अधिक नीटस प्रयोग कॅनडात ग्लेन शेलेनबर्ग यांनी केला आणि 2004 साली प्रसिद्ध केला. टोरोंटो परिसरातील सहा वर्षांच्या 144 मुलांचे चार गट केले. एकाला कीबोर्ड, दुसऱ्याला गायन, तिसऱ्याला नाट्य आणि चौथ्याला त्या वर्षी काहीच नाही. वर्षअखेरीस बुद्ध्यांक सर्वच गटांचा वाढला, कारण मुले शाळेत जाऊ लागली होती, पण संगीत शिकणाऱ्यांचा इतरांपेक्षा तीन गुणांहूनही कमी फरकाने जास्त वाढला. पुढे सला आणि गोबे या दोन संशोधकांनी 2020 साली 54 अभ्यास, म्हणजे जवळजवळ 7,000 मुले, एकत्र करून पाहिले तेव्हा असे दिसले की प्रयोगाची आखणी जितकी काटेकोर तितका हा फायदा शून्याच्या जवळ जातो.

तुमच्या प्रश्नाच्या दृष्टीने त्या कॅनडातल्या प्रयोगातली खरी मेख निराळीच आहे. इतरांशी वागण्या-बोलण्यात स्पष्ट सुधारणा दिसली ती नाट्याच्या गटात, संगीताच्या नव्हे. म्हणजे विनयच हवा असेल तर मुलीला बालनाट्याला घाला, असे सासरेबुवांना सांगता येईल (अर्थात ‘अहो-जाहो’ करूनच). गाणे शिकावे ते गाणे यावे म्हणून. मी स्वतः चाळिशीत पेटी शिकायला लागलो. माझे गणित होते तिथेच आहे, पण बेसूर कोण गातो आहे ते आता कळते, आणि त्यापायी दोन लग्नसमारंभांत मला त्रासही झाला आहे.

ठेकेदार:

षड्जपंचम यांच्याशी मी निम्माच सहमत आहे. ‘गाऊन विचारा’ हे ऐकायला छान वाटते, पण ज्या वातावरणात विचारण्याची धास्तीच असते तिथे मूल गाऊनही विचारत नाही. मी लहानपणी ज्यांच्याकडे तबला शिकलो, त्यांच्या बैठकीत छडी असे. ‘तिरकिट’ या बोलाची बोटे मी सुरुवातीलाच उलटी बसवून घेतली आणि पूर्ण दोन वर्षे तसाच वाजवत राहिलो, कारण गुरुजींचे लक्ष डाव्याकडे असे आणि उजव्याबद्दल विचारण्याची माझी छाती नव्हती. पुढे दुसरीकडे शिकायला गेल्यावर ती सवय मोडायला आणखी वर्ष गेले. तबल्याला पाय लागला तर नमस्कार करावा, गुरूचे नाव घेताना कानाच्या पाळीला हात लावावा, मैफलीत वाजवायला बसण्यापूर्वी ज्येष्ठांची परवानगी मागावी, हे सगळे मी आजही मनापासून करतो. पण अदब आणि दहशत यांतली सीमारेषा आपण फार सहज पुसून टाकतो.

आणि परंपरा म्हणजे कायमची एकच रीत, असेही नाही. विष्णु दिगंबर पलुस्कर स्वतः मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गुरुगृही शिकले, पण 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले तेव्हा त्यांनी वर्ग, वेळापत्रक, अभ्यासक्रम आणि छापील पुस्तके आणली. आज प्रारंभिक, प्रवेशिका अशा परीक्षा देत विशारदपर्यंत जाणारी मुले त्याच वाटेने चालत आहेत. तिथे गुरूच्या घरी पाणी भरावे लागत नाही आणि त्याने गाण्याचा मान कमी झाला नाही. विचारण्याची मुभा हा पुढचा टप्पा का नसावा?

षड्जपंचम:

ठेकेदार, आपले बरोबर आहे. ‘गाऊन विचारा’ म्हणताना चुकीच्या गाण्यावर शिक्षक रागावणार नाही हे मी गृहीत धरले होते, आणि ते सगळीकडे गृहीत धरता येत नाही.

निहोन्कर:

मी टोकियोजवळ राहतो. माझा मुलगा सुझुकी पद्धतीने व्हायोलिन शिकतो आणि तुमच्या दोन्ही तासांच्या मधली वाट मला तिथे दिसते, म्हणून लिहितो. तास सुरू होताना मुलगा कमरेतून वाकून ‘ओनेगाइशिमासु’ म्हणतो, म्हणजे साधारण ‘शिकवावे ही विनंती’, आणि संपताना ‘आरिगातो गोझाइमाशिता’ म्हणतो. आभार मानायचे ते तेव्हा, एकदाच. मधल्या अर्ध्या तासात प्रत्येक दुरुस्तीला धन्यवाद नाहीत. लक्षात राहण्यासारखी गोष्ट म्हणजे शिक्षिकाही त्याच्यापुढे वाकतात. आपल्या पाया पडण्यात वाकतो तो एकच जण, दुसरा आशीर्वाद देतो.

या पद्धतीचे जनक शिनिची सुझुकी यांचा जन्म 1898 साली नागोयाला झाला आणि विशीत ते व्हायोलिन शिकायला तुमच्याच जर्मनीत, बर्लिनला जाऊन राहिले. मूल मातृभाषा जशी शिकते तसे संगीत शिकावे, हा त्यांचा आग्रह: आधी भरपूर ऐकायचे, मग वाजवायचे आणि वाचणे त्यानंतर. म्हणजे वाद्य युरोपचे, पण कानाने शिकण्याची रीत षड्जपंचम सांगतात तिच्या पुष्कळ जवळची. सुरुवातीच्या वर्षांत पालकाने तासाला बसून टिपणे घ्यायची असतात. प्रश्न विचारायचे ते बहुतेक मीच विचारतो, त्यामुळे मुलगा विनयशील ठरतो आणि मी आगाऊ. तुम्हीही शेजारच्या खोलीतून ऐकण्याऐवजी रविवारी तिच्या बाजूला बसून पाहा.

नेकरकाठचा:

सर्वांचे वाचून तीन आठवडे झाले, तेव्हा पुढची हकिगत कळवतो. शंकासूर यांचा प्रतिसाद मी सासऱ्यांना वाचून दाखवला. त्यांनी तो शांतपणे ऐकून घेतला आणि प्रयोग कॅनडातला आहे एवढेच म्हणाले.

‘तुम्ही’च्या सरावासाठी मात्र त्यांचाच उपयोग झाला. आता दर शनिवारी संध्याकाळी ती आजोबांना फोन करते आणि आठवड्यात काय शिकली ते ‘अहो आजोबा’ने सुरुवात करून सांगते. पियानोच्या शिक्षिकेला मी आमच्या घरचे वळण मोकळेपणाने सांगितले, आणि मुलगी अडली की बोलत नाही पण कदाचित गाऊन दाखवेल, असेही म्हणालो. त्यांना ते अजिबात विचित्र वाटले नाही. गेल्या मंगळवारी डाव्या हाताची ओळ सुटली तेव्हा ती नेहमीप्रमाणे खाली बघत बसली, मग हळूच ती ओळ गुणगुणली आणि जिथे तुटत होती तिथे थांबली. शिक्षिकेने तिथूनच पुढे डावा हात वाजवायला घेतला आणि उजवा तिच्यासाठी सोडला. ‘समजले नाही’ असे ती अजूनही म्हणत नाही.

रविवारी मी बाजूला बसलो होतो. बाईंनी भूपातला पलटा, म्हणजे सरावाची स्वररचना, म्हटला, शांतता पसरली, मुलीने ‘थँक’पर्यंत येऊन तोंड मिटले आणि पलटा म्हटला. तो चुकला. मग तिने माझ्याकडे पाहिले, सावरून बसली आणि अगदी आदराने म्हणाली, “बाई, तुम्ही परत म्हण ना.” बाईंचे हसू क्षणभर उशिराने आमच्यापर्यंत पोहोचले, आणि त्यामागोमाग पलटा.