सल्ला हवा: 'विचर ३' संपवला, पण अर्धा गेम न कळताच. आता काय खेळू?

शाहूपुरी_तिसरी_गल्ली

नमस्कार मंडळी. 'द विचर ३' परवा रात्री संपला. मुख्य कथा पूर्ण, ९० तासांच्या वर. गोकुळ शिरगावला सेकंड शिफ्ट असते, घरी यायला साडेबारा होतात. मग जेवण, आणि तास-दीड तास गेम. असे पाच महिने गेले आणि या पाच महिन्यांतली प्रत्येक रात्र मला आवडली, हे आधीच सांगतो.

संपल्यावर मावसभाऊ घरी आला होता. त्याला माझा गेराल्ट, म्हणजे गेमचा नायक, दाखवत होतो. त्यानं कॅरेक्टरचं पान उघडलं आणि विचारलं, "दादा, स्किल घेतलेत, पण लावलेत कुठं?" मला प्रश्नच कळेना. मग त्यानं दाखवलं. पॉइंट देऊन स्किल घेतलं की ते नुसतं आपल्या नावावर होतं. चालू व्हायचं असेल तर ते स्लॉटमध्ये ठेवावं लागतं. माझे बारा स्लॉट उघडलेले, त्यांतल्या एकात एक स्किल, बाकी अकरा रिकामे. शेजारी म्युटाजेनच्या, म्हणजे ताकद वाढवणाऱ्या वस्तूंच्या, चार जागा, त्याही रिकाम्या.

दुसरी गोष्ट औषधांची. बनवलेलं पोशन मी पाच महिन्यांत एकदाही प्यायलो नाही. पुढं मोठी लढाई येईल, तेव्हा लागेल म्हणून साठवून ठेवलं. भाऊ म्हणाला, ती संपतच नाहीत. हे ऐकून मला खरंच वाईट वाटलं. सगळा गेम मी तलवार, लोळण आणि क्वेन या जादूची ढाल एवढ्यावर काढला.

दोन प्रश्न आहेत. हाच गेम पुन्हा सुरुवातीपासून खेळावा का? आणि नवा घ्यायचा तर असा कोणता, जो मुख्य गोष्ट समजल्याशिवाय मला पुढं सोडणारच नाही? पीसी आहे, ग्राफिक्स कार्ड १०५० टीआय. एल्डन रिंग पाहिला, पण तो किमान १०६० मागतो.

उद्यमनगर_लेथ

सुरुवातीपासून नको. न्यू गेम प्लस, म्हणजे कमावलेलं घेऊन पुन्हा पहिल्यापासून खेळणं, तेही आत्ता नको. तुमच्याकडं पूर्ण आवृत्ती असेल तर 'हार्ट्स ऑफ स्टोन' हा जोडभाग तिच्यातच आहे आणि ते ३२ लेव्हलच्या आसपासच्या खेळाडूसाठीच केलंय. म्हणजे तुम्ही अगदी योग्य जागी उभे आहात.

त्याआधी एक संध्याकाळ फक्त कॅरेक्टरच्या पानावर घालवा. एका म्युटाजेनला तीन स्लॉट जोडलेले असतात. तांबडं म्युटाजेन आणि त्याच्या गटात तीन तांबडी स्किल असा रंगाला रंग जुळवला की म्युटाजेनचा जोर वाढतो. तांबडं म्हणजे हल्ला, निळं म्हणजे साइनची (क्वेनसारख्या जादूची) ताकद, हिरवं म्हणजे आयुष्य. तुम्ही क्वेनवर एवढे दिवस काढलेत, तर एक गट निळा ठेवा. पॉइंट भलतीकडं गेले असं वाटलं तर 'पोशन ऑफ क्लिअरन्स' विकत मिळतं, त्यानं सगळे पॉइंट परत हातात येतात.

औषधांचं भाऊ बरोबर सांगतोय. एकदा बनवलं की कृती परत करायची नाही. बॅगेत अल्कोहेस्टसारखी कडक दारू ठेवायची आणि ध्यान लावायचं, बाटल्या आपोआप भरतात. तलवारीला लावायची तेलं तर संपतच नाहीत, हवं तेव्हा लावा.

मग 'हार्ट्स ऑफ स्टोन'ची पहिली मोठी लढाई. गटारातला बेडूक. तो विष उडवतो. नुसती लोळण घेऊन मारता येईल, पण जीव मेटाकुटीला येईल. 'गोल्डन ओरिओल' पिऊन गेलात तर विषाची भीतीच राहत नाही. पोशन कशासाठी असतं हे त्या एका लढाईत मला जेवढं कळलं, तेवढं आधीच्या सगळ्या गेममध्ये कळलं नव्हतं. आणि डिफिकल्टी एक पायरी वर घ्या. खालच्या दोन पायऱ्यांवर ध्यान लावलं की आयुष्य फुकट भरून मिळतं, त्यामुळं खाण्यापिण्याची, औषधाची गरजच भासत नाही. तुमचं तेच झालं असणार.

लाल_माती

भावा, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडं एकच आहे. सेकिरो. २०१९ चा आहे, तुझ्या कार्डावर सेटिंग कमी करून चालेल. त्यात डिफिकल्टीचा पर्यायच नाही, म्हणजे पळवाट नाही.

माझी गोष्ट सांगतो, कारण मी तुझ्यासारखाच अर्धा रस्ता चुकीचा चाललो. मी डार्क सोल्स खेळून आलेलो. तिथली सवय अशी, की शत्रूभोवती फिरायचं, त्याचा वार चुकवायचा, एक फटका मारायचा आणि मागं सरायचं. सेकिरोमध्ये मी तसाच ग्योबू या मोठ्या शत्रूला पाडला. लई वेळ लागला, पण पाडला. म्हणून वाटलं की जमतंय. मग वाड्याच्या गच्चीवर गेनिचिरो आला आणि तीन आठवडे तिथंच अडकलो.

त्या तीन आठवड्यांत पडद्यावर वर मधोमध एक पट्टी भरायची आणि रिकामी व्हायची, ती मी बघतच नव्हतो. माझं लक्ष कोपऱ्यातल्या त्याच्या आयुष्याकडं. खरा गेम त्या मधल्या पट्टीत आहे. इंग्रजीत तिला पोश्चर म्हणतात, मी तिला तोल म्हणतो. मी लहानपणी गंगावेशीत तालमीत जायचो. वस्ताद एकच गोष्ट घोटून घ्यायचे: समोरच्याला दमवून कुस्ती निकाली होत नाही, त्याचा तोल गेला की होते. सेकिरो तंतोतंत तसाच आहे. त्याची तलवार तुझ्यावर येते त्याच क्षणी गार्डचं बटण दाबायचं. ठिणगी उडते, ठण्ण आवाज येतो, आणि त्याचा तोल थोडा ढळतो. लगेच तू वार करायचा, त्यानं अडवला तरी तोल ढळतोच. मागं सरलास, दम घेत बसलास, की त्याची पट्टी रिकामी होते आणि केलेलं सगळं वाया. मी तीन आठवडे नेमकं तेच करत होतो. पट्टी भरली की शेवटचा घाव, मग त्याचं आयुष्य कितीही शिल्लक असो.

पण आयुष्य घटवणं वाया जात नाही, हेही लक्षात ठेव. त्याचं आयुष्य जेवढं कमी, तेवढा त्याचा तोल सावकाश सावरतो. म्हणून सुरुवातीला थोडे घाव घालायचे, मग अंगावर जाऊन भिडायचं. तुझा स्वतःचा तोल ढळला तर गार्ड दाबून धर, लवकर सावरतो.

आणि डावाला तोड असते तशी इथंही आहे. तांबडं अक्षर चमकलं की तो वार नुसता अडवता येत नाही. खालून पाय मारणारा असेल तर उडी. सरळ भोसकणारा असेल तर मागं जायचं नाही, उलट त्याच्याकडं पुढं जायचं आणि त्याची तलवार पायाखाली दाबायची. याला मिकिरी म्हणतात. स्किल स्वस्त आहे, सगळ्यात आधी तेच घे. पहिल्यांदा भीती वाटते. दहा वेळा मरशील. अकराव्या वेळी पाय बरोबर पडतो, आणि मग तोच वार कधी येतोय याची वाट बघायला लागशील.

सराव कुठं करायचा? पडक्या देवळाबाहेर हानबेई नावाचा माणूस उभा असतो. त्याला मरण नाही, तो सरावासाठीच आहे. मी सुरुवातीला त्याच्याशी दोन वाक्यं बोलून पुढं गेलो होतो. तू तसं करू नकोस. पहिल्या दिवशी अर्धा तास त्याच्याबरोबर घाल.

रंकाळा_संध्याकाळ

वरचे दोन्ही सल्ले चांगले आहेत, पण धागाकर्त्याला अपराधी वाटतंय तेवढं वाटू नये असं मला मनापासून वाटतं. विचर ३ ची माहिती बारीक अक्षरांत पडद्याच्या कडेला येते आणि संवाद चालू असतानाच निघून जाते. दिवसभर काम करून आलेला माणूस ती वाचणार कधी? मेनूत ग्लॉसरीमध्ये ट्युटोरियलचा सगळा मजकूर साठवलेला असतो. कुठलाही नवा गेम घेतलात की दोन-तीन तास खेळून झाल्यावर असं पान शोधा आणि शांतपणे वाचा. आधी वाचून उपयोग नाही, शब्द डोक्यात राहत नाहीत.

शिवाय न कळल्यामुळं राहिलेलं आणि ठरवून सोडलेलं यांत फरक आहे. 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड' (२०१७) मध्ये पहिलं पठार उतरलं की थेट शेवटच्या राक्षसाकडं जाता येतं, बाकी सगळं सोडून. बनवणाऱ्यांनीच ती वाट मोकळी ठेवली आहे. तुमचं दुःख वेगळं आहे, तुम्हाला निवडच मिळाली नाही. म्हणून मी सेकिरोच्या आधी उद्यमनगरकरांचा सल्ला घ्या म्हणेन.

राजारामपुरी_कॅफे

मी वयानं मोठा आहे. कॅफेत तासावर पैसे देऊन 'एज ऑफ एम्पायर्स २' खेळलेला. त्याच्या मोहिमा मी लोहारखान्यात एकही सुधारणा न करता संपवल्या होत्या, नुसती माणसं वाढवून आणि पाठवून. पूर्णविरामाचं बटण दाबलं की रिकामा बसलेला गावकरी सापडतो, हेही मला कित्येक वर्षांनी मुलीनं दाखवलं. २०१९ च्या डेफिनिटिव्ह एडिशनमध्ये 'आर्ट ऑफ वॉर' म्हणून छोटे धडे आहेत. सुरुवातीची अर्थव्यवस्था, लवकर कॅसल एज हे पुढचं युग गाठणं, असा एकेक विषय, आणि शेवटी पदक. कांस्य मिळालं की कळतं काय राहिलं. रात्री तासभरच मिळणाऱ्या माणसाला हे फार सोयीचं. मी आणि मुलगी रविवारी एकेक धडा करतो.

पंचगंगाघाट

छोटा गेम हवा असेल तर 'राजी'. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा, २०२० चा. लढताना खांबाला गिरकी घेऊन आणि भिंतीवर धावून वार करता येतो. बरेच जण ते न वापरता नुसता त्रिशूळ फिरवतात. ती दोन बटणं पहिल्या रिंगणातच हाताला लावून घ्या.

शाहूपुरी_तिसरी_गल्ली

सगळ्यांचे आभार. काल सुट्टी होती. सकाळी मिसळ खाऊन बसलो ते दुपारपर्यंत फक्त स्लॉट भरले. दोन गट तांबडे, एक निळा, एक हिरवा. डिफिकल्टी एक पायरी वर घेतली.

बेडकापाशी चार वेळा मेलो. पाचव्यांदा ओरिओल पिऊन उतरलो, विष अंगावर आलं आणि काहीच झालं नाही. मी तिथंच दोन सेकंद हात थांबवून बघत राहिलो, त्यात एक फटका खाल्ला. पण पाडला. नंतर ध्यान लावलं, उठलो, तर सगळ्या बाटल्या भरलेल्या.

हे संपलं की सेकिरो. लाल_माती दादा, भाऊ त्याचा कंट्रोलर पुढच्या शनिवारी आणून देणार आहे. हानबेईपासूनच सुरू करतो. गेनिचिरोपाशी पोचलो की इथंच लिहीन.