समाजशास्त्रासाठी नऊ लाखांचं कर्ज काढावं का?

कलमवाला, देवगड

मुलगी बारावी आर्ट्सला 84 टक्क्यांनी पास झाली. तिला समाजशास्त्रच घ्यायचं आहे आणि माझा त्याला विरोध नाही. तिचं आजोळ राजापूर तालुक्यात. 2023 मध्ये बारसूला रिफायनरीच्या माती परीक्षणावरून आंदोलन पेटलं तेव्हा ती तिथे होती. एका घरातला थोरला भाऊ विरोधात आणि धाकटा जमीन द्यायला तयार, असं का होतं, हे ती वहीत लिहून घेत सगळ्यांना विचारत फिरायची. तेव्हापासून तिचं ठरलेलं आहे.

अडचण पैशाची. पुण्यातल्या एका खाजगी विद्यापीठात तीन वर्षांची फी, हॉस्टेल धरून नऊ लाख होतात. साडेसात लाखांच्या वर गेलं की बँक तारण मागते. कलमांचा सातबारा सामाईक आहे, त्यावर सतरा नावं. निम्मे मुंबईला, दोघे वारले त्यांचे वारस अजून लागलेले नाहीत. तो बँकेला चालत नाही. माझ्या एकट्याच्या नावावर फक्त राहतं घर. आंब्याचं तर तुम्हाला माहीतच आहे, एखाद्या मोसमात हातात चार पैसे राहतात, एखाद्यात थ्रिप्स किडीच्या फवारणीचेही निघत नाहीत.

या पदवीवर पगार किती मिळतो, हे कुणी खरं सांगेल का? ‘त्यापेक्षा नर्सिंगला घाला’ असं कृपया कुणी लिहू नका.

निवृत्त बँकवाला, कुडाळ

घर तारण ठेवू नका, हे आधी सांगतो.

आता हिशोब. दरवर्षी तीन लाख उचल, व्याज दहा टक्के धरू. शिक्षणाची तीन वर्षं आणि पुढचं एक वर्ष हप्ता नसतो, पण सरळ व्याज चालूच असतं. ते 2 लाख 70 हजार. म्हणजे पहिला हप्ता भरायच्या वेळी डोक्यावर 11 लाख 70 हजार. दहा वर्षांत फेडायचे तर महिना सुमारे साडेपंधरा हजार. पंधरा वर्षं घेतलीत तर साडेबारा हजार, पण एकूण साडेबावीस लाखांच्या वर जातात.

व्याज अनुदानावर विसंबू नका. साडेचार लाख उत्पन्नाची केंद्राची जुनी योजना तांत्रिक आणि व्यावसायिक अभ्यासक्रमांपुरतीच होती, साध्या बीएला नाही. 2024 च्या पीएम विद्यालक्ष्मीत आठ लाखांपर्यंत उत्पन्न असेल तर तीन टक्के सवलत आहे, पण संस्था त्यांच्या यादीत असावी लागते. ते विद्यापीठ यादीत आहे का, हे अर्ज करण्याआधी बघा.

सड्यावरची, चिपळूण

काका, मी समाजशास्त्रातच एमए केलंय, म्हणून सविस्तर लिहिते.

बीए रत्नागिरीच्या अनुदानित कॉलेजातून, घरून एसटीने ये-जा करून. एमए मुंबई विद्यापीठात, कलिनाला. 1919 साली पॅट्रिक गेडीस यांनी सुरू केलेला तो विभाग पुढे पस्तीस वर्षं गो. स. घुर्ये यांनी चालवला, आणि घुर्ये जन्माने मालवणचे. लेकीला हे जरूर सांगा. या विषयाला कोकण परकं नाही.

पहिली नोकरी सर्वेक्षणाची, कंत्राटी, महिना 18 हजार, तेही दोन-दोन महिने उशिरा. 2013 च्या भूसंपादन कायद्यामुळे प्रकल्पाआधी सामाजिक परिणामांचा अभ्यास करावा लागतो, तशी ती कामं. ओटीवर बसायचं आणि ‘घरात चुली किती?’ इथून सुरुवात करायची. एका छपराखाली तीन चुली, म्हणजे तीन वेगळे संसार असतील आणि कागदावर एकच कुटुंब लागलं, तर धाकट्या जावेचं नाव प्रकल्पग्रस्तांच्या यादीत येतच नाही. हे ज्याला दिसतं तोच ती यादी नीट करू शकतो. मला हे काम मनापासून आवडतं. 2021 च्या पुरानंतर इथे आले, आता 38 हजार मिळतात.

पण काका, त्या 18 हजारांतून साडेपंधरा हजार हप्ता गेला असता, तर मी ती नोकरी धरलीच नसती. कुठल्यातरी कॉल सेंटरला बसले असते. तुमच्या लेकीला जे काम करायचंय, तेच ते कर्ज तिच्या हातून काढून घेईल, ही मला खरी भीती वाटते.

प्राध्यापकीचं म्हणाल तर सुरुवातीचं मूळ वेतन 57,700 आहे. पण त्याआधी नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा, आणि कायम जागा निघेपर्यंत तासिका तत्त्वावर किती वर्षं काढावी लागतील ते कुणी सांगू शकत नाही. जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर संशोधन करताना महिना 37 हजार. म्हणून बीए इथे रत्नागिरीत करा. कर्ज काढायचंच झालं तर एमएला काढा, टिस, म्हणजे टाटा सामाजिक विज्ञान संस्थेसारख्या ठिकाणी प्रवेश मिळाला तर. तेव्हा रक्कम लहान असेल आणि पगार जवळ आलेला असेल.

बाबल्या, मालवण

माका विचारशात तर चेडवाक शिकवा, पण घर गहाण टाकून नको. बाकी सड्यावरच्या ताईंनी सांगितलंच आहे.

कलमवाला, देवगड

सगळ्यांचे आभार. लेकीने तिघांचंही वाचलं. पुणं सोडायचं म्हटल्यावर दोन दिवस घुश्शात होती, पण हप्त्याचा हिशोब तिने स्वतः परत मांडून बघितला. ताई, तिचा एकच प्रश्न आहे. रत्नागिरीत शेवटच्या वर्षापर्यंत समाजशास्त्र मुख्य विषय म्हणून मिळतो का?

सड्यावरची, चिपळूण

मला मिळाला होता, पण नव्या शैक्षणिक धोरणानंतर कॉलेजनिहाय विषय बदललेत. वेबसाइटवर विसंबू नका, विभागात समक्ष भेटा. मुख्य विषय म्हणून तिसऱ्या वर्षाला सध्या किती मुलं आहेत आणि शिकवणारे कायम आहेत की तासिकेवर, हे दोन्ही विचारा. मुलं फार कमी असतील तर मुख्य विषय बंद व्हायची शक्यता असते, तेव्हा दुसरं कॉलेजही बघून ठेवा.