तुमच्याकडे झेंडावंदन वर्षातून किती वेळा?

परवा ऑफिसात बोलता बोलता म्हटलं, १७ सप्टेंबरला आमच्या गावी झेंडावंदन असतं, तर शेजारचा पुणेकर विचारतो, "सप्टेंबरात कसलं?" त्याला सांगता सांगता लंच टाइम संपला, म्हणून हा धागा. मी लातूरचा. आमच्याकडे २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि वर १७ सप्टेंबर, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. १९४७ ला आम्ही निजामाकडेच, १९४८ च्या सप्टेंबरात पोलीस ॲक्शन, म्हणजे भारतीय सैन्याची कारवाई, झाली तेव्हा कुठे सुटलो. ते तेरा महिने आजीने तिरंगा ट्रंकेत लुगड्यांच्या घडीखाली लपवलेला, निजामाच्या बाजूने लढणाऱ्या रझाकारांच्या भीतीने. आमचं लक्ष मात्र गोळ्या-बिस्किटांवर, वर्षातून चारदा मिळायची ना! तुमच्याकडचं सांगा.

फोंडेकर: तेरा महिन्यांचं काय घेऊन बसलात, आम्ही चौदा वर्षं थांबलो! १९ डिसेंबर १९६१, गोवा पोर्तुगीजांकडून सुटला तो दिवस. आणि जाता जाता, खिशातली नोट काढून मागची भाषांची पट्टी बघा. कोकणी आणि मराठी दोन्ही देवनागरीत, पण मधे मल्याळम बसलीय, इंग्रजी आद्याक्षरांप्रमाणे ओळी लावल्यात म्हणून. आमच्या घरी आई मराठीवाली, बाबा कट्टर कोकणीवाले, आणि भांडणात मधे मी, त्यामुळे मला घरात मल्याळम म्हणतात.

कॅम्पातला: उल्हासनगर. राष्ट्रगीतात 'मराठा' आलं की आवाज चढवायचा, हे कुणी शिकवलं देव जाणे, पण सगळ्या शाळांत चालतं. आमच्या वर्गात निम्मी पोरं सिंधी, त्यांनी मग 'सिंध'वर ओरडायला सुरुवात केली, आणि मधल्या 'गुजरात'ला एकटा एक मुलगा जीव खाऊन. पीटीच्या सरांनी सगळ्यांना ग्राउंडला फेऱ्या मारायला लावल्या. पुढे राष्ट्रगीतातून 'सिंध' काढा म्हणून कुणीतरी सुप्रीम कोर्टात गेलं, २००५ मध्ये कोर्टाने ते फेटाळलं. मित्राचे आजोबा फाळणीत इकडे आलेले, ते तेव्हा एवढंच म्हणाले, "घर तिकडे राहिलं, आता शब्दपण मागतायत."

नांदेडची: तुम्ही सगळे तारखा सांगताय, आमच्या नांदेडला खादीचे तिरंगे तयार होतात हो! २०२१ च्या शेवटी पॉलिस्टरला परवानगी मिळाली, आता सिग्नलला चकचकीत झेंडे विकतात. स्वस्त पडतात, मान्य, पण मला नाही आवडत, खादीच्या झेंड्याची ती जडशी फडफड त्यात नाही.

सातारकर: नियमाने १५ ऑगस्टला झेंडा खालून वर चढवायचा आणि २६ जानेवारीला वर बांधलेला नुसता उलगडायचा. आमच्या शाळेत दोन्हीला वरच बांधून ठेवायचे, आत झेंडूच्या पाकळ्या. एकदा गाठ सुटेचना. सरपंचांनी ओढलं, हेडसरांनी ओढलं, तेवढ्यात मागच्या रांगेने राष्ट्रगीत सुरू केलं, आता हलायचं नाही! बावन्न सेकंद सगळे ताठ उभे आणि झेंडा वर तसाच बोचक्यासारखा. संपल्यावर शिपाईमामा खांबावर चढले तर पाकळ्या सगळ्या त्यांच्याच डोक्यावर.