अनुभव धागा: शाळा-कॉलेजचा अभ्यास आणि थोडं गेमिंग, बजेटमधला लॅपटॉप तुम्ही कसा निवडलात?

भाचा यंदा अकरावीत. बायफोकलला (अकरावी-बारावीचा व्यावसायिक विषय) कॉम्प्युटर सायन्स घेतलंय, घरून चाळीस हजारांच्या आसपास मंजूर झालेत, आणि संध्याकाळी मित्रांबरोबर व्हॅलोरंट हा ऑनलाइन गेम खेळायची त्याची इच्छा आहे. ती इच्छा मला रास्त वाटते, म्हणून 'अभ्यासापुरता साधा घ्या' असा सल्ला नको. 'अमुक कंपनीचा डोळे मिटून घ्या' हेही नको. तुम्ही काय बघून घेतलात, दुकानात काय विचारलंत आणि वापरताना काय जाणवलं, ते लिहा. पुण्यातले अनुभव असतील तर फारच बरं.

कोथरूड, नववीतल्या मुलीची आई

कर्वे रोडवरच्या दुकानात आमच्यासमोर एकाच किमतीचे दोन लॅपटॉप ठेवले. एकावर आय-५ चा स्टिकर, दुसऱ्यावर आय-३ चा. विक्रेता आय-५ कडे ढकलत होता. मी दोन्हींची रॅम कशी बसवलीय ते विचारलं. आय-५ वाल्यात ८ जीबी रॅम मदरबोर्डवरच सोल्डर केलेली आणि वाढवायला स्लॉट नाही. आय-३ वाल्यात (१२१५यू) दोन स्लॉट, पैकी एक रिकामा. तोच घेतला आणि काही महिन्यांनी दुसरी ८ जीबीची स्टिक घालून घेतली.

फरक मुलीनेच सांगितला. आधी ब्राउझरमध्ये वर्गाचे टॅब उघडे, पीपीटी चालू आणि त्यात माइनक्राफ्ट लावलं की सगळं अडखळायचं. आता अडखळत नाही. स्टिकरवरचा आकडा मोठ्या अक्षरात असतो, रॅमची ओळ खाली बारीक अक्षरात. मी तर म्हणेन, ती बारीक ओळ आधी वाचा.

हिंजवडी, हार्डवेअरमध्ये नोकरी

कोथरूडच्या ताईंना फरक का जाणवला, ते सांगतो. या किमतीत वेगळं ग्राफिक्स कार्ड क्वचितच मिळतं. प्रोसेसरच्या पोटातलं ग्राफिक्स स्वतःची मेमरी बाळगत नाही, लॅपटॉपची रॅमच वापरतं. एकच स्टिक असली की ये-जा एकाच वाटेने होते. दोन सारख्या स्टिक लावल्या की दोन वाटा मिळतात, म्हणजेच ड्युअल चॅनल. गेममध्ये याचा फायदा थेट दिसतो. इंटेलच्या आयरिस एक्सई ग्राफिक्सचं तर असं आहे की सिंगल चॅनल रॅमवर विंडोजमध्ये ते साधं 'यूएचडी' म्हणूनच दिसतं. डबा तोच, पण पूर्ण ताकद मिळत नाही.

एएमडी घेणाऱ्यांनी रायझन ५ एवढ्यावर थांबू नये. ७५२०यू आणि ७५३०यू, दोन्ही रायझन ५ च. ७५२०यू मध्ये चार कोर, जुनी झेन २ रचना आणि ग्राफिक्सची फक्त दोन युनिटं. ७५३०यू मध्ये सहा कोर, झेन ३ आणि ग्राफिक्सची सात युनिटं. या मालिकेत तिसरा आकडा रचनेची पिढी सांगतो. नोट्स काढायला, व्हिडिओ बघायला पहिला पुरतो, पण गेम खेळायचे असतील तर दुसराच. किंमत हजार-दोन हजारांनी वर गेली तरी मी तोच सुचवतो.

सिंहगड रोड, बारावी सायन्स

मी स्वतः बायफोकलवाला, म्हणून भाच्यासाठी लिहितो. अभ्यासाचा भार लॅपटॉपवर जवळजवळ पडतच नाही. सी++, एचटीएमएल आणि ८०८५ या जुन्या मायक्रोप्रोसेसरचा सिम्युलेटर कुठल्याही मशीनवर पळतात. त्यामुळे मशीन ठरवायचं ते गेमवरूनच.

व्हॅलोरंट हलका गेम आहे. त्याच्या किमान अपेक्षांमध्ये इंटेल एचडी ४००० सारखं जुनं ग्राफिक्ससुद्धा आहे. विंडोज ११ वर मात्र त्याला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या दोन सोयी सुरू असाव्या लागतात, ते बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) तपासून घे. जीटीए ५ सेटिंग कमी ठेवून खेळता येतो, पण एकटाच शंभर जीबीच्या आसपास जागा खातो. म्हणून २५६ जीबीचा एसएसडी (साठवणीची वेगवान डिस्क) नकोच, ५१२ घे.

माझ्या मित्राने बजेट ताणून ग्राफिक्स कार्डवाला घेतला. गेम सुंदर दिसतात, खोटं कशाला बोलू. पण लॅपटॉप दोन किलोच्या वर, चार्जर विटेएवढा, आणि बॅटरी प्रॅक्टिकल संपेपर्यंत टिकत नाही. रोज पीएमटीने (शहर बसने) उभ्याने जाणाऱ्याने हा विचार आधी करावा.

सदाशिव पेठ, निवृत्त शिक्षक

नातीसाठी मी रीफर्बिश्ड घेतला. कंपन्यांच्या ऑफिसांतून निघालेले थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक या जातीचे लॅपटॉप मजबूत असतात, कीबोर्ड उत्तम असतो आणि बऱ्याच मॉडेलांत रॅम वाढवता येते. एक रेघ मात्र पक्की ठेवावी: इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढची. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि इंटेलच्या सातव्या पिढीपर्यंतची जवळजवळ सगळी मशीन्स विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाहीत.

दुकानात मी घाई केली नाही. प्रत्येक कळ दाबून पाहिली, बिजागरी उघडझाप करून पाहिली, आणि बॅटरी रिपोर्ट काढायला लावला. मूळ क्षमता किती आणि आता पूर्ण चार्ज किती होते, हे दोन आकडे त्यात शेजारी शेजारी येतात. ते दाखवायला जो दुकानदार कंटाळतो, त्याच्याकडून घेऊ नये. नात त्यावर मराठी टायपिंग इनस्क्रिप्ट कळफलकाने शिकली, याचा मला फार आनंद आहे. गेम म्हणाल तर माइनक्राफ्ट आणि बुद्धिबळ, दोन्ही व्यवस्थित चालतात.

धायरी, दोन मुलांचे वडील

आमचं बजेट पंचवीस हजारांच्या आत. त्या किमतीत नवीन म्हणून जे दाखवतात ते बहुतेक सेलेरॉन हा साधा प्रोसेसर, ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी ईएमएमसी (एसएसडीपेक्षा हळू साठवण). विंडोजने आपली जागा घेतली की उरतं फार थोडं, पुढे अपडेटलाही जागा मिळत नाही. एकदा हाताळून पाहिलं आणि तो विचार सोडला. त्याच पैशांत वापरलेला डेस्कटॉप, एसएसडी, १६ जीबी रॅम आणि मॉनिटर असं सगळं बसलं. मुलं पाळीने बसतात. गुरुवारी लाइट जाते तेव्हा लॅपटॉपवाल्यांचं काम चालू राहतं, आमचं थांबतं, हे खरं आहे. पण ज्यांना मशीन घराबाहेर न्यायचंच नाही त्यांनी डेस्कटॉपचा विचार जरूर करावा. पुढे ग्राफिक्स कार्ड घालायची वाट तरी उघडी राहते.

बुधवार पेठ, दुरुस्तीचं काम करतो

माझ्याकडे येणाऱ्या विद्यार्थ्यांच्या लॅपटॉपमध्ये प्रोसेसर बिघडलेला जवळजवळ नसतोच. येते ती तुटलेली बिजागरी आणि धुळीने तुंबलेला पंखा. गादीवर ठेवून गेम खेळला की खालची हवेची जाळी बंद होते, मशीन तापतं आणि स्वतःचा वेग कमी करतं. मग मुलांना वाटतं लॅपटॉप जुना झाला. टेबलावर ठेवा, वर्षातून एकदा पंखा साफ करून घ्या. रॅम वाढवायची असेल तर वॉरंटीत असेपर्यंत कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्येच घाला, नाहीतर पुढे वाद होतो.

औंध, आठवीतल्या मुलाचे बाबा

स्क्रीनबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून. स्वस्तात टीएन या जातीचं पॅनलही येतं, बाजूने पाहिलं की रंग बदललेले दिसतात. दुकानात लॅपटॉप थोडा तिरका करून बघा. आयपीएस जातीचं पॅनल असेल तर तसं होत नाही. आमचा २५० निट्सचा (हे उजेडाचं माप) आहे, घरात पुरतो, गॅलरीत दुपारी दिसत नाही.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. ७५३०यू चा, दोन स्लॉटवाला बघायला शनिवारी जातोय. बारावीवाल्या दादा, भाच्याच्या कॉलेजला वायफायवर गेम बंद असतात म्हणे. घरच्या राउटरवर व्हॅलोरंटचा पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ) कमी ठेवायला केबल लावावी का?

सिंहगड रोड, बारावी सायन्स

हो ताई, लावाच. फक्त घेताना लॅपटॉपला लॅन पोर्ट (केबल लावायची खाच) आहे का ते बघा, पातळ मॉडेलांत नसतो. नसेल तर यूएसबीचा अडॅप्टर पुण्यातल्या तपकीर गल्लीत मिळतो, गिगाबिट लिहिलेला घ्या.